देवमनच्या वाघाची सलामी

१

पेटी उघडली आणि आतून वरवंटा निघाला.

बेंजोच्या पेटीत वरवंटा! तोही जुन्या लुगड्याच्या घडीत नीट गुंडाळलेला, तान्हं पोर झोपवावं तसा. अमरावतीच्या त्या शाळेच्या वर्गात जेवढे होते तेवढे सगळे आ वासून बघत राहिले. बाहेर मैदानावर मांडव सजला होता, बुद्धपौर्णिमेचा दिवस होता, गावोगावचे लोक बैलगाड्या जुंपून यायला लागले होते. आणि ज्याच्यासाठी ते येत होते तो बेंजो गायब!

बेंजो म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. तरी सांगते: लाकडी पाटीवर ताणलेल्या पोलादी तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटनं. डाव्या हातानं बटनं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. पण अकोल्याच्या देवमन सिरसाटांचा बेंजो बाजारातला नव्हता. सागाची पाटी त्यांनी स्वतः तासली होती, बटनं मोडीतल्या टाइपरायटरची होती आणि पोटात टेलिफोनचा कानाला लावायचा तुकडा बसवून त्याची तार थेट भोंग्याला जोडली होती. भोंगा लावला की तारा अशा गुरकावत की मेळघाटच्या माणसानं झाडावर चढावं. लोक त्याला बेंजो म्हणतच नसत. ‘देवमनचा वाघ’ म्हणत.

हा वाघ चार ठिकाणी वाजे. लगीनसराईत गोवर्धनच्या बँडात, उरुसात गयासुद्दीनच्या कव्वाली पार्टीत, एरवी जानरावच्या खंजिरी भजनात आणि इंदूबाई वानखडेंच्या भीमगीतांच्या जलशात. चौघांनाही वाटे, देवमन खरा आपलाच. आज मात्र पहिल्यांदाच पत्रकावर एकच नाव मोठ्या टायपात छापलं होतं: ‘देवमन सिरसाट यांचे एकल बेंजोवादन’.

“बाप्पा!” देवमनची बायको पंचफुला कपाळाला हात लावून खाली बसली. मग तिनं तो दगड उचलला, त्याचं टवका उडालेलं टोक निरखलं आणि किंचाळलीच. “अवं, हा तं माह्याच घरचा वरवंटा होय!”

२

इंदूबाईंनी सगळ्यांना गप्प केलं. त्या अकोल्याला शाळेत शिकवत. पन्नास पोरांचा वर्ग नुसत्या नजरेनं बसवणारी बाई. पाच-सहा मोठ्या माणसांचं काय घेऊन बसलात! वर्गातल्या हरवलेल्या पेनापासून फोडलेल्या पाटीपर्यंत सगळ्या चोऱ्या त्यांनी आजवर उकलल्या होत्या, आणि याचा त्यांना मनातून चांगलाच अभिमान होता.

समितीचे अध्यक्ष शेषराव मात्र ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“वरवंटा घरचा, म्हणजे अदलाबदल घरीच झाली,” ते म्हणाले. “वहिनी, काल घरी कोण कोण आलं होतं?”

“गोवर्धन मास्तर आलते. अन् गयासभाई.”

“पेटीपाशी एकटं कोण होतं?”

पंचफुलाला उत्तर द्यायचं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला. “म्या पान्याले गेलती. गयासभाई होते. पन ते घरचेच हायेत!”

सगळ्यांच्या माना गयासुद्दीनकडे वळल्या. उंच, पांढऱ्या दाढीचा तो कव्वाल भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा पडला होता.

“काल तुमचं देवमनशी भांडणही झालं म्हणतात,” शेषराव म्हणाले. “दिवे लागायच्या आत बेंजो मिळाला नाही, तर मी पोलीस बोलावणार. मग कुणाची भीडभाड नाही.”

इंदूबाईंनी पुढचं ओळखलं. पोलीस आले की गयासभाईंच्या हातात बेड्या पडणार. बेंजो उद्या सापडेलही, पण ज्या मंचावर कव्वाल आणि भीमगीतवाली एका वाघाच्या सोबतीनं गात आले, तो मंच पुन्हा उभा राहायचा नाही.

देवमन कोपऱ्यात आपल्या वळकटीला टेकून बसले होते. अंगानं काटक, मिश्या अजून काळ्या. इतका वेळ ते एक शब्द बोलले नव्हते. आता मात्र ‘पोलीस’ हा शब्द शेषरावांच्या ओठांवर पाहून ते ताडकन बोलले.

“गयास नाही. गयासनं नाही नेला.”

“मग कोणी नेला?” शेषरावांनी विचारलं.

देवमननं मान खाली घातली.

३

इंदूबाईंनी एकेकाला शेजारच्या वर्गात बोलावलं. पहिला गयासुद्दीन.

“भांडण झालं, बाई. खोटं काहून बोलू?” तो म्हणाला. “पत्रकावर एकट्याचं नाव पाहून माझं डोकं फिरलं. हा भोंगा मी घेऊन दिला त्याले. उरुसात पहिल्यांदा मीच बसवला त्याले शेजारी. मी म्हटलं, देवमन, अब अकेला बजाएगा? तो पाठमोरा बसून तारा पुसत होता. मी मागून इतकं बोललो, इतकं बोललो, की दुसरा कोणी असता तं उठून कानाखाली वाजवली असती. पन याचा सबर बघा! वळूनसुद्धा नाही पाह्यलं. मलेच शरम आली अन् मी निघून गेलो.”

“भोंगा आहे ना जागेवर?”

“भोंगा अन् त्याची मशीन दुसऱ्या पेटीत होती. हाय तशीच हाय.”

इंदूबाई विचारात पडल्या. ज्याला वाघ विकायचा किंवा वाजवायचा असेल तो भोंगा सोडून जाईल कशाला? आणि ज्यानं भोंगा स्वतः घेऊन दिला तो तर मुळीच नाही.

दुसरा गोवर्धन, बँडमास्तर. पितळी बटनांचा लाल कोट त्यानं या उन्हातही घातला होता.

“मले काहून विचारता? माह्या मोठ्या ढोलावर वाघाचं तोंड रंगवलं हाये. लोक माह्या बँडले वाघ बँड म्हनतात. वाघच गेला तं मी काय मांजर रंगवू?” तो तडकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “पन एक सांगतो बाई, आज देवमनभाऊचं काही खरं नव्हतं. तीस वर्षांत त्या पेटीले कोनाले हात लावू देल्ला नाही. आज सकाळी म्हने, गोवर्धन, पेटी तुह्या मानसाले घेऊ दे.”

“आणि ते स्वतः?”

“वळकटी घेतली खांद्यावर अन् निघाले. मूर्तिजापूरले गाडी रखडली, आमी सारे चहाले उतरलो. हे बसूनच.”

तिसरा जानराव. हा थेट मोझरीकडून मोटारीनं अमरावतीला आला होता. अकोल्याला गेलाच नव्हता, म्हणजे वरवंट्याशी त्याचा संबंध नाही. पण तक्रार त्याचीही होती.

“वाघाच्या गुरकावन्यात माही खंजिरी बुडते, बाई. मी हात जोडून म्हनलं, देवमन, भोंगा लहान कर. तं त्यानं याहून मोठा आनला! अन् भोंग्याचं तोंड कोनाकडं ठेवते? लोकायकडं नाही, सोताकडं! त्याले काय स्वतःचीच इतकी गोडी लागली, मले समजत नाही.”

जानराव गेला आणि इंदूबाई खडूनं माखलेल्या बाकावर तशाच बसून राहिल्या. काहीतरी हाताशी येत होतं आणि ते येऊ नये असं त्यांना वाटत होतं.

४

शेवटी त्यांनी पंचफुलाला बोलावलं. ती वरवंटा कडेवर घेऊनच आली.

“वहिनी, आज घरून निघताना वाघानं सलामी दिली?”

पंचफुला गोंधळली. ही सलामी अकोल्यात त्यांच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनासुद्धा माहीत होती. देवमनचे वडील पाटलाच्या दारात डफडं वाजवत, उंबऱ्याबाहेर उभे राहून, आणि मिळेल ते फडक्यात बांधून आणत. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर देवमननं ते डफडं खाली ठेवलं ते ठेवलंच. म्हणाले, आता कुणाच्या दारात उभं राहून नाही, मंचावर बसून वाजवीन. तेव्हापासूनची चाल: वाघ घराबाहेर पडायचा तर आधी अंगणात पेटी उघडायची, तारेवर एक झणका मारायचा, मग पेटी बंद. आपल्या दारातली पहिली सलामी आपल्याच घराला. मयत असो, पाऊस असो, ही चाल कधी चुकली नव्हती.

“नाही देल्ली,” पंचफुला हळूच म्हणाली. “म्या म्हनलं, अवो, सलामी? तं म्हने, गाडी चुकते.”

“गाडी चुकत होती?”

“ठेसनावर येऊन आमी किती तरी वेळ बसलो बाप्पा!”

“आणि ती वळकटी कोणी बांधली?”

“त्याह्यनंच. म्या म्हनलं, एका रातीचं जानं, वैशाखाचा उन्हाळा, अंगावर लुगडं सहन होत नाही, गोधड्या काहाले? माह्यावरच डाफरले.”

इंदूबाईंनी डोळे मिटले. त्यांना आपल्या जलशातला मंच दिसला. गाताना देवमनभाऊंची नजर सतत आपल्या गळ्यावर असते, पायाच्या ठेक्यावर असते. किती आदर, असं त्या सगळ्यांना कौतुकानं सांगत आल्या होत्या. तारा लावताना ते हनुवटी लाकडावर टेकवतात. त्या जागचं पॉलिश पार उडालं आहे. लोक म्हणत, वाघाला मुका देतो. इंदूबाईही म्हणत. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

बाहेर कोणीतरी गॅसबत्तीत हवा भरायला लागलं. शेषराव दारात आले. “बाई, मी माणूस चौकीवर पाठवला आहे.”

५

“दोन मिनिटं द्या,” इंदूबाई म्हणाल्या, पंचफुलाला घेऊन पहिल्या वर्गात परतल्या आणि शेषरावांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

वर्गात आता चौघंच होती. गयासुद्दीन बाकावर डोकं धरून बसला होता. देवमन वळकटीला टेकून होते. इंदूबाई पंचफुलाच्या कानाशी म्हणाल्या, “भाऊंना मागच्या पडवीत न्या. तोंड धुवायला पाणी द्या. तुम्ही त्यांच्या समोर उभ्या राहा, बस.”

पंचफुलानं खूण केली. देवमन उठले, वळकटीकडे एकवार पाहिलं, आणि पडवीत गेले. पाठमोरे, चार हातांवर. पंचफुला तांब्या घेऊन पुढ्यात उभी.

इंदूबाईंनी वळकटीची दोरी सोडली. एक गोधडी. दुसरी गोधडी. आणि मग सागाची पाटी, मोडीतली बटनं, पोलादी तारा. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा! गयासुद्दीन “या अल्लाह” म्हणत अर्धा उठला. इंदूबाईंनी त्याला हातानं थांबवलं, नखी उचलली आणि सगळ्या तारांवरून एकदम फिरवली.

झण्ण! भोंगा नव्हता, तरी सारा वर्ग दणाणला. बंद दाराबाहेर शेषराव ओरडले, “काय वाजलं?” पडवीत पंचफुलाच्या हातातला तांब्या निसटून फरशीवर आपटला.

देवमन तोंड पुसत उभे होते. पाण्याचा ओहोळ पायाला लागला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. मग बायकोच्या चेहऱ्याकडे. मग ते वळले आणि त्यांना इंदूबाईंच्या मांडीवर वाघ दिसला.

गयासुद्दीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“म्हणजे काल मी जे बोललो...” तो म्हणाला, “त्यानं ऐकलंच नाही!”

इंदूबाई देवमनच्या अगदी समोर गेल्या, ओठ नीट दिसतील अशा उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, “केव्हापासून, देवमनभाऊ?”

देवमन मटकन खाली बसले.

“डावा कान तं बँडातच गेला. मोठा ढोल नेहमी त्याच बाजूले. उजवा यंदा गेला. भोंगा मोठा केला, अजून मोठा केला, पन काही उपेग नाही. हनुवटी लाकडाले लावली की तेवढं हाडात कळते.” ते थांबले. “सोबतीले कोनी असलं तं मी डोयानं ऐकतो. गयासची बोटं बाजाच्या पेटीवर दिसतात, तुमचा गळा दिसते. आज एकट्यानं बसायचं होतं. एक सूर चुकला असता तं साऱ्या वऱ्हाडात झालं असतं, बहिरा बेंजोवाला.”

“ताप आला म्हणायचं होतं,” इंदूबाई म्हणाल्या.

“तं पुढल्या महिन्यात पुन्हा बोलावलं असतं. वाघच नाही म्हनल्यावर कोन बोलावते? घरी ठेवला असता तं हिनं पाह्यला असता. पुर्णेच्या पान्यात टाकावा म्हनलं, पन हात नाही झाला, बाई. म्हनून संगच घेऊन फिरून राहिलो.” मग त्यांनी गयासुद्दीनचे दोन्ही हात धरले. “तुह्यावर येईन असं माह्या ध्यानात नाही आलं, गयास. मी बयताड, बिनअकलेचा मानूस.”

“बयताड तं तू हायेसच,” गयासुद्दीन म्हणाला आणि त्यानं त्यांना मिठीत घेतलं. शब्द ऐकू गेले नसतील, पण मिठीत सगळं आलं.

दारावर थाप पडली. “पोलीस आले! दार उघडा!”

६

दार देवमननंच उघडलं. काखेत उघडा वाघ होता. शेषराव दोन पावलं मागे सरकले.

“हा... कुठं सापडला? चोर कोण?”

“चोर मंचावर सांगतो,” देवमन म्हणाले आणि ताठ मानेनं मांडवाकडे चालू लागले.

इंदूबाई मागून धावल्या, पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. “भाऊ, सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही. मी काहीतरी निभावून नेते.”

“नाही, बाई. माहा बाप उंबऱ्याबाहेर मान खाली घालून वाजवत होता. मी मंचावर मान खाली घालून बसन काय?”

मांडव खच्चून भरला होता. देवमननं माइक हातात घेतला. शेषराव खुर्चीच्या टोकावर आले. हवालदार टोपी काढून घाम पुसत उभा राहिला.

“जयभीम!” देवमनचा आवाज जरा जास्तच मोठा आला; स्वतःचा आवाजही त्यांना कळत नव्हता. “माहा बेंजो म्याच लपवला होता. माह्या मित्रावर आळ आला, त्याची माफी मागतो. मले आता ऐकू येत नाही. भ्यालो म्हनून लपवला. पन आता भीत नाही. ज्याले बहिऱ्याचं ऐकायचं असन त्यानं बसावं, ज्याले नसन ऐकायचं त्यानं खुशाल घरी जावं.”

मांडवातून एकही माणूस उठला नाही.

मग इंदूबाईंनी मंच नव्यानं मांडला. देवमनना लोकांकडे तोंड करून नाही, आडवं बसवलं. समोर गयासुद्दीन पेटीवर, बोटं दिसतील असा. त्याच्या बाजूला खंजिरी घेऊन जानराव, आणि स्वतः इंदूबाई, पाय उघडा टाकून, ठेका दिसेल अशा. गोवर्धननं वाघाचं तोंड रंगवलेला मोठा ढोल मंचाच्या फळ्यांवरच ठेवला, म्हणजे प्रत्येक ठोका मांडीखालून कळेल. कार्यक्रम एकल होता. तो एकलच राहिला. हे चौघं फक्त देवमनचे कान होऊन बसले.

देवमननं हनुवटी लाकडावर टेकवली. सकाळची राहिलेली सलामी आधी दिली: एकच झणका, भोंग्यातून, असा की मांडवाच्या बल्ल्या थरथरल्या. आणि मग वाघ सुटला.

काय वाजवलं त्या माणसानं! लग्नातली वरात आली, उरुसातली तान आली, मोझरीच्या वाटेवरची खंजिरी आली, आणि शेवटी तारांमधून बापाच्या डफड्याचा ठेका असा उसळून आला की म्हाताऱ्या माणसांनी फेटे हवेत उडवले. इंदूबाईंचा ऊर भरून आला. हा माणूस आपला आहे, आपल्या जलशातला आहे, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. एका जागी सूर घसरला. गयासुद्दीननं पेटीवरचं बोट जरा उंच उचललं, देवमननं पाहिलं आणि पुढल्याच फेऱ्यात सूर जागेवर आणला.

वादन संपलं. मांडव टाळ्यांनी फुटायला आला होता. शेषराव उभे राहून टाळ्या वाजवत होते, हवालदारही. पण देवमन तारांवर वाकलेलेच होते, डोळे मिटून, हनुवटी लाकडावर. त्यांना कळलंच नव्हतं.

पंचफुला पहिल्या रांगेतून उठली. वरवंटा अजून तिच्या हातात होता. चोरीचा माल परत मिळाल्यापासून तिनं तो खाली ठेवलाच नव्हता. ती मंचाच्या कडेपाशी आली आणि तो दगड तिनं दोन्ही हातांनी फळीवर आपटला. धाड! पुन्हा धाड! धाड!

देवमननं दचकून डोळे उघडले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मांडवाकडे, उभ्या राहिलेल्या हजारो माणसांकडे, आणि त्यांच्या मिशीतून हसू फुटलं.

“आलं ऐकू,” ते म्हणाले. “पुरे कर, पंचफुला. वरवंटा फुटन, अन् उद्या चटनी कशानं वाटशीन?”